दुदुकचा खटला आणि चुकीचा आरोपी

लोककलावंत आपल्या मुलखाबाहेर गाजला की त्याच्या नावाने दोनच पावत्या फाडल्या जातात. एकीवर लिहिलेलं असतं, 'याने कला वाचवली'. दुसरीवर, 'याने कला विकली'. आर्मेनियाचे दुदुकवादक जिवान गास्पार्यान यांच्या वाट्याला दोन्ही आल्या. ६ जुलै २०२१ रोजी, वयाच्या ९२व्या वर्षी ते गेले, तेव्हा श्रद्धांजल्यांमध्ये पहिल्या पावतीची चलती होती: विस्मरणात चाललेलं एक खेडवळ वाद्य या माणसाने हॉलिवूडपर्यंत नेलं, वगैरे. दुसरी पावती लोकसंगीताच्या कडव्या उपासकांच्या खिशात कायमच तयार असते: याच माणसामुळे दुदुक म्हणजे सिनेमातलं 'प्राचीन दुःख' झाला. माझं म्हणणं असं की दोन्ही बाजू एकाच चुकीवर उभ्या आहेत. दोघांच्याही लेखी गास्पार्यान यांची कारकीर्द १९८९ साली, ब्रायन ईनो या ब्रिटिश संगीतकाराने पश्चिमेत त्यांची ध्वनिमुद्रिका काढली तेव्हा सुरू होते. त्या वर्षी हा माणूस साठी ओलांडून गेला होता आणि चाळीस वर्षं सरकारी पगारावर दुदुक वाजवत होता. त्या चाळीस वर्षांचा हिशेब न मांडता निकाल कसा लावायचा?

वाद समजायला वाद्य थोडं जवळून बघावं लागतं. दुदुक म्हणजे जर्दाळूच्या लाकडाची साधी नळी, लांबीला २८ ते ४० सेंटीमीटर. तिच्या तोंडात अराक्स नदीकाठच्या वेताची रुंद, दुहेरी पत्ती बसवलेली असते. पत्ती सुकी असली की तिचं तोंड मिटलेलं असतं. वादक ती ओली करतो, ती उमलेपर्यंत थांबतो, तिच्यावरची बारीक कडी वरखाली सरकवून सूर जुळवतो आणि मग फुंकतो. आवाज सनईसारखा धारदार नाही. तो जाड, उबदार आणि माणसाच्या गळ्याच्या फार जवळचा आहे. पल्ला जेमतेम सव्वा सप्तकाचा, त्यामुळे वादकाला तिथल्या तिथेच, सूर ओठांनी दाबून-सोडून, सगळं सांगावं लागतं. आणि दुदुक सहसा एकटा वाजत नाही. शेजारी दुसरा वादक गाल फुगवून, श्वास न तोडता एकच सूर धरून बसतो. त्याला तिकडे 'दम' म्हणतात. सनईच्या मैफलीत मागे बसून नुसता सूर भरणारा साथीदार ज्यांनी पाहिलाय, त्यांना हे वेगळं समजावायला नको. हा दुसरा माणूस लक्षात ठेवा. या वादात त्याचं नाव कुणीच घेत नाही.

आता विरोधी पक्षाचं म्हणणं, आणि तेही त्याच्या पूर्ण ताकदीनिशी. पडद्यावर रोम असो, येशूच्या काळातलं जेरुसलेम असो की अंतराळयान असो, दुःखाचा प्रसंग आला की हॉलिवूडला गेल्या तीस-पस्तीस वर्षांत दुदुक आठवतो. २००० सालच्या 'ग्लॅडिएटर'मध्ये संगीतकार हान्स झिमरबरोबर स्वतः गास्पार्यान आहेत. त्यानंतर 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' या मालिकेत तर ताऱ्यांमधून भटकणाऱ्या माणसांमागे दुदुक आहे, आणि तो वाजवणारा आर्मेनियातला नाही, लॉस एंजेलिसच्या स्टुडिओतला वादक आहे. आर्मेनियाचा या कशाशीही संबंध नाही. वाद्याचा पत्ता पुसला गेला आणि उरला तो एक 'मूड'. या पुसापुशीची सुरुवात १९८९च्या त्या ध्वनिमुद्रिकेत दाखवता येते. मूळ ध्वनिमुद्रण १९८३चं, 'मेलोदिया' या सोव्हिएत सरकारी कंपनीचं. डिसेंबर १९८८ मध्ये आर्मेनियातल्या स्पिताकचा भूकंप झाला, सुमारे पंचवीस हजार माणसं गेली, आणि पश्चिमेत निघालेली मुद्रिका त्या मृतांना अर्पण केली गेली. जगाने ती शोकगीतं म्हणून ऐकली. पण 'मी या जगात उदास होणार नाही' हे जे तिचं नाव, ते अठराव्या शतकातल्या सायात-नोव्हा या शायराच्या गाण्यावरून आलेलं, आणि ते गाणं आहे प्रेमाचं! भूकंपाच्या पाच वर्षं आधी वाजवलेलं प्रेमगीत भूकंपाचा विलाप झालं.

आणखी एक पुरावा मीच फिर्यादींना देतो. २०१० साली ओस्लोमध्ये युरोव्हिजन या युरोपीय गायनस्पर्धेच्या मंचावर आर्मेनियाची गायिका एवा रिवास जर्दाळूच्या कोयीवरचं गाणं म्हणत होती आणि शेजारी ८१ वर्षांचे गास्पार्यान दुदुक ओठांना लावून होते. त्या स्पर्धेत गळा तेवढा खरा गातो, वाद्यं आधीच मुद्रित केलेली असतात. कित्येक वर्षांपासूनचा तो नियमच आहे. म्हणजे ज्या माणसाची सगळी करामत फुंकरीत, त्याने कोट्यवधी प्रेक्षकांसमोर फुंकरीचा नुसता अभिनय केला. 'विकली' म्हणणाऱ्यांना याहून चांगलं चित्र कुठे मिळणार? मलाही ते बघवत नाही.

एवढं मान्य करूनही मी फिर्यादीच्या बाजूला का नाही? कारण फिर्याद एका गृहीतकावर उभी आहे: आधी एक शुद्ध, खेड्यातला दुदुक होता आणि गास्पार्यान यांनी तो सिनेमाच्या दारात नेऊन उभा केला. प्रत्यक्षात काय घडलं ते त्यांनीच मुलाखतींतून अनेकदा सांगितलंय. सहा वर्षांचा मुलगा. चित्रपटगृहात मूकपट चाललेत आणि पडद्याशेजारी बसून दुदुकवादक जिवंत साथ करताहेत. पोरगं खेळामागून खेळ बघतं, म्हणजे खरं तर ऐकतं, आणि शेवटी त्यांतल्या मार्गार मार्गार्यान नावाच्या वादकाकडे एक दुदुक मागतं. गास्पार्यान यांना दुदुक भेटला तो सिनेमा थिएटरात. पडद्यावर कुणी रडलं की करुण सूर, कुणी पळत सुटलं की द्रुत चाल, पडद्यावर दिसेल तसं वाजवायचं, हेच त्यांच्या कानावर पडलेलं पहिलं दुदुकवादन होतं. सहासष्ट वर्षांनी झिमरने त्यांच्याकडून जे करून घेतलं, ते त्यांच्या गुरूने पोटासाठी रोज संध्याकाळी केलेल्या कामापेक्षा जातीने निराळं होतं का? दर्जा, पैसा, प्रसिद्धी निराळी, हे कबूल. पण 'सिनेमाने बाटवला' ही तक्रार करायची तर १९३०च्या दशकात जाऊन करावी लागेल, आणि मग हाती कुठला शुद्ध दुदुक लागणार आहे?

त्याच्याही मागे जा. कोमितास या पाद्री संगीतज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गावोगावची गाणी टिपून घेतली, त्यांना मैफलीत बसवलं. २४ एप्रिल १९१५ च्या रात्री, आर्मेनियन वंशसंहाराच्या सुरुवातीला, ऑटोमन राजधानी कॉन्स्टँटिनोपलमध्ये ज्या आर्मेनियन विचारवंतांची धरपकड झाली, त्यांत तेही होते. जीव वाचला, मन वाचलं नाही, आणि १९३५ साली पॅरिसमध्ये ते वारले. आज 'अस्सल लोकधून' म्हणून दुदुकवर जे वाजतं, त्यातलं बरंच त्यांच्या चाळणीतून आलेलं आहे. मग सोव्हिएत राजवट आली. १९२६ साली आराम मेरांगुल्यान यांचा लोकवाद्यवृंद उभा राहिला, तो पुढे रेडिओचा झाला. वार्दान बुनी यांनी वाद्यवृंदात बसावेत म्हणून वेगवेगळ्या पट्टीचे, खर्जातले दुदुक बनवले. १९३८ साली तातुल आल्तुन्यान यांचा राज्य गीत-नृत्य समूह निघाला, आणि १९४८ साली विशीतले गास्पार्यान तिथे एकल वादक म्हणून लागले. वेशभूषा, रंगमंच, ठरलेली मिनिटं, मॉस्कोचे दौरे. लोककला दाखवायची, पण राज्याला सोयीची तेवढीच दाखवायची, अशी ती व्यवस्था होती. ती मला गोड वाटत नाही. पण ती पगार देत होती, आणि दुदुकवादकाला 'वादक' हा हुद्दा देत होती. १९५९ ते १९८० या काळात गास्पार्यान यांना युनेस्कोची चार सुवर्णपदकं मिळाली, १९७३ साली आर्मेनियाचा 'लोककलाकार' हा सर्वोच्च किताब मिळाला. ईनोचं नावसुद्धा तोवर आर्मेनियाच्या राजधानीत, येरेवानमध्ये, कुणी ऐकलेलं नसावं.

आपल्याकडे पन्नालाल घोष यांनी बासरी बत्तीस इंचांपर्यंत लांबवली आणि तिला सातवं छिद्र पाडलं. तेही सिनेमाच्या संगीतात पोट भरत होते. त्यांनी गुराख्याची बासरी बाटवली असं आज कुणी म्हणेल? ती बासरी आता इतकी 'शास्त्रीय' झालीय की तिच्या आधीची आठवण कुणाला येत नाही. बदल जुना झाला की परंपरा ठरतो, आपल्या डोळ्यांदेखत झाला की भ्रष्टाचार. आर्मेनियातही बुनींच्या खर्जातल्या दुदुकवर कुणी मोर्चा काढत नाही. राग निघतो तो 'ग्लॅडिएटर'वर.

यावर शहाणा विरोधक एक मुद्दा काढेल, आणि तो मला सगळ्यांत वजनदार वाटतो. तो म्हणेल, ठीक, शुद्धता सोडा, पण वाद्याचं जगणं बघा. दुदुक लग्नात वाजायचा, मयताला वाजायचा, माणसांच्या मधोमध वाजायचा. २००५ साली युनेस्कोने दुदुक-संगीताचा अमूर्त वारशात गौरव केला, तेव्हा त्यांच्याच टिपणात नोंद होती की खेड्यांतलं त्याचं चलन अलीकडच्या दशकांत घटलंय, सणासमारंभांत तो कमी आणि व्यावसायिकांच्या मंचावर जास्त ऐकू येतो. म्हणजे जग टाळ्या वाजवत असताना गावातला दुदुक गप्प होत होता. हे खरं आहे. पण दोन गोष्टी एकाच काळात घडल्या म्हणून एकीने दुसरी घडवली असं होत नाही. आर्मेनियातल्या लग्नात क्लॅरिनेट आणि नंतर सिंथेसायझर शिरला तो हॉलिवूडच्या सांगण्यावरून नव्हे. एका माणसात, एका स्पीकरवर सगळं भागतं, दुदुकला निदान दोघं लागतात, ढोलवाला धरला तर तिघं. त्यात १९९०चं दशक आठवा. भूकंपानंतर मेत्सामोरचं अणुवीज केंद्र बंद, अझरबैजानशी काराबाखचं युद्ध, तुर्कस्तान आणि अझरबैजानच्या सीमा बंद, ऐन हिवाळ्यात दिवसाकाठी मोजके तास वीज, आणि लाखोंनी देश सोडलेला. ज्या गावातली तरुण पोरं रशियाला कामाला गेली, त्या गावात लग्नंच किती लागली असतील, आणि वाजवायला कोण उरलं असेल? याचं खापर लॉस एंजेलिसच्या स्टुडिओवर फोडणं सोपं आहे, कारण स्टुडिओचं नाव माहीत असतं.

पण म्हणून पहिली पावती खरी ठरते का? मुळीच नाही. 'गास्पार्यान यांनी दुदुक वाचवला' हे वाक्य मला 'विकला'पेक्षाही जास्त खटकतं, कारण त्यात बाकी सगळे वादक मारले जातात. लेव्हॉन मादोयान आधीच्या पिढीतले. वाचे होवसेप्यान हे जवळपास गास्पार्यान यांच्याच वयाचे. अनेक जाणकार आजही त्यांना वरचढ मानतात, आणि तो वाद येरेवानमध्ये रंगतोच. मार्टिन स्कोर्सेसीच्या 'द लास्ट टेम्प्टेशन ऑफ क्राइस्ट'साठी पीटर गॅब्रिएलने केलेल्या संगीताची सुरुवातच एका दुदुकने होते. तो वाजतोय होवसेप्यान आणि आंद्रानिक आस्कार्यान यांच्या जुन्या ध्वनिमुद्रणातून. ते संगीत प्रसिद्ध झालं १९८९ सालीच. म्हणजे पाश्चात्त्य कानांत दुदुक शिरला तो एकाच वर्षी दोन वाटांनी, आणि त्यातली एक वाट ज्यांची होती ते होवसेप्यान तोवर हयात नव्हते. त्यांना परदेशी मंचावर उभं राहता आलं नाही, मुलाखत देता आली नाही. गास्पार्यान जिवंत होते, तब्येतीने ठणठणीत होते, विमानात बसायला तयार होते. क्रोनोस क्वार्टेट असो की मायकेल ब्रुकची गिटार असो, कुणाबरोबरही बसून पहिल्या मिनिटात सूर धरायची त्यांची तयारी होती. या गुणांना कमी लेखू नये. पण हे गुण म्हणजे 'वाचवणं' नव्हे. त्यांच्यानंतर आलेले गेव्होर्ग दाबाग्यान, ज्यांनी 'शोघाकेन' हा जुन्या बाजावर निष्ठा ठेवणारा समूह उभा केला, त्यांना कुणी जर्दाळूच्या झाडाखालून उचलून आणलं नव्हतं. ते शिकलेले, तालीम घेतलेले वादक आहेत.

गास्पार्यान यांचं खरं काम शोधायचं तर ते येरेवानच्या कोमितास कॉन्झर्व्हेटरीच्या, म्हणजे संगीत महाविद्यालयाच्या, वर्गात सापडतं. तिथे त्यांनी कित्येक वर्षं शिकवलं, डझनावारी व्यावसायिक वादक तयार केले. त्यांचा नातूही त्यांच्याच नावाने आज दुदुक वाजवतो. वर्गात शिकवण्याला कॅमेरा येत नाही. ओल्या पत्तीचं तोंड किती उघडू द्यायचं, कडी कुठे थांबवायची, गालात हवा साठवून नाकाने श्वास घेताना सूर थरथरू कसा द्यायचा नाही, हे रोज नव्या पोराला पहिल्यापासून सांगण्यात कसली आलीय बातमी! पण वाद्य टिकतं ते यानेच, आणि हे काम ऑस्कर मिळवणाऱ्या सिनेमाशिवायही होत होतं, होत राहिलं असतं. सिनेमाने एवढंच केलं की त्या वर्गाबाहेर परदेशी मुलंही येऊन उभी राहिली.

या वादाला अलीकडे तिसरं शेपूट फुटलंय: दुदुक कुणाचा? अझरबैजान आणि इराणमध्ये बालाबान आहे, तुर्कस्तानात मेय आहे, जॉर्जियात दुदुकी आहे. चारही एका घरातली भावंडं. आर्मेनियाची नोंद युनेस्कोच्या यादीत आधी झाली, २०२३ साली अझरबैजान आणि तुर्कस्तानने मिळून बालाबान-मेयची वेगळी नोंद करून घेतली. आता दोन्हीकडचे देशभक्त एकमेकांच्या पुराव्यांची तारीख तपासत बसलेत. या भांडणात गास्पार्यान यांना आर्मेनियाच्या बाजूचं ट्रम्पकार्ड म्हणून काढलं जातं. त्यांनी स्वतः काय केलं? त्यांचे आईवडील मुश भागातले, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातले. १९१५ नंतर तिथे आर्मेनियन वस्ती अशी उरलीच नाही. त्या घरातला मुलगा २००१ साली एर्कान ओउर या तुर्की वादकाबरोबर 'फुआद' नावाचा संग्रह करतो, आणि त्यात अनातोलियातली, दोन्ही भाषांना आपली वाटणारी गाणी आहेत. झालेलं विसरून केलेला हा गळामिठीचा कार्यक्रम नव्हता. दोघं शेजारी बसून वाजवतात, बस्स. आणि सायात-नोव्हाचं काय करायचं? त्याने आर्मेनियन, जॉर्जियन आणि अझरबैजानी तुर्की अशा तीन भाषांत गाणी रचली. त्याला कुठल्या देशाच्या यादीत घालणार? ज्या बाजूने ओढाल त्या बाजूला त्याच्या एक-दोन भाषा हातात राहतील आणि बाकीच्या फाटतील.

राहिला विलापाचा मुद्दा. माझ्या मते दुदुकचं खरं नुकसान इथे झालंय, आणि त्यात गास्पार्यान यांचा वाटा आहे. त्यांच्या परदेशी मुद्रिका चाळा: संथ, संथ, आणखी संथ. आर्मेनियन माणूस दुदुकवर नाचतोही, हे त्यातून कळायचं नाही. मैदानी, दणक्याचं काम तिकडे सनईच्या जातीचा झुर्ना करतो, तोही गास्पार्यान वाजवत. पण परदेशी मंचावर मागणी आसवांना होती. एका अख्ख्या लोकसमूहाच्या इतिहासात १९१५ आहे, म्हणून त्याच्या प्रत्येक सुरात तेच ऐकायचं, हा सहानुभूतीच्या वेषातला आळस आहे. आपल्याकडे हेच उलट्या दिशेने घडलं. सनई म्हणजे मंगलकार्य, असं आपण इतकं पक्कं ठरवलं की मंगल कार्यालयात आता ती पेनड्राइव्हवरून वाजली तरी चालतं. बिस्मिल्ला खाँ साहेब मोहरमच्या आठव्या दिवशी बनारसच्या रस्त्याने त्याच सनईवर मातम वाजवत चालत जायचे, हे किती वऱ्हाडींना ठाऊक असतं? खाँ साहेबांनी सिनेमातही वाजवलं, लाल किल्ल्यावरही वाजवलं, आणि मोहरम सोडला नाही. गास्पार्यान यांच्याकडून मला तेवढी हट्टी बेपर्वाई हवी होती. एखाद्या तरी जागतिक मैफलीत त्यांनी ढोलवाल्याला पुढे बसवून तासभर नाच वाजवायला हवा होता. आयोजक वैतागले असते, वैतागू द्यायचे होते.

तरीही ही तक्रार एका कलावंताच्या निवडीबद्दलची आहे, वाद्याच्या मरणाबद्दलची नव्हे. मरणाची भीती वाटायचीच तर ती वेगळ्या जागी वाटायला हवी. आज कुठल्याही संगीतकाराला दुदुक हवा असेल तर येरेवानला फोन करायची गरज नाही. कीबोर्डवर चालणारे तयार नमुने मिळतात: एकेक सूर वेगळा मुद्रित केलेला, मींड, कंप, श्वास सगळं बटणावर. गास्पार्यान यांना 'ग्लॅडिएटर'च्या संगीतात निदान नावानिशी श्रेय मिळालं. नमुन्यातल्या वादकाला एकदा पैसे मिळतात, मग तो आवाज हजार चित्रपटांत निनावी रडत राहतो. आणि दम धरणाऱ्या त्या दुसऱ्या माणसाचं काय? तो या व्यवहारात आधीच बाद झाला. एक कळ दाबून ठेवली की अखंड सूर मिळतो, न थकता, न चुकता, नाकाने श्वास न घेता. दमवर वर्षानुवर्षं बसूनच दुदुकवादक घडतो. तो कान पक्का करतो, फुफ्फुस पक्कं करतो, मुख्य वादक कुठे वळतोय ते शेजारी बसून शिकतो. ती जागा गेली तर पुढचा गास्पार्यान बसणार कुठे?

म्हणून लोकसंगीताच्या कैवाऱ्यांना माझं सांगणं, भांडा, पण करारांवर भांडा. एका नमुन्यासाठी वादकाला किती मिळालं, प्रत्येक वापरावर त्याचा वाटा का नाही, श्रेयनामावलीत दम धरणाऱ्याचं नाव का नाही, कॉन्झर्व्हेटरीतून बाहेर पडलेल्या वादकाला महिन्याला ठरावीक पैसे देणारा एखादा वाद्यवृंद आज किती पदं भरतो. सोव्हिएत राज्याने वाईट हेतूने का होईना, हा शेवटचा प्रश्न सोडवला होता. बाजाराने तो सोडवलेला नाही, आणि युनेस्कोच्या प्रमाणपत्राने पगार निघत नाही.